दारावरची मिसेस

धरमपेठेत फ्लॅट घेतला, तेव्हा पाटीवाल्यानं विचारलं, "मिस लिहू का मिसेस?"

माझं लग्न झालेलं नाही, म्हणजे मिस. पण पन्नाशीच्या बाईनं दारावर मिस लिहायचं म्हणजे आत एकटीच राहते, हे जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला कळवायचं. ऑफिसातल्या मुली मिझ लावतात. मिस म्हणजे लग्न न झालेली, मिसेस म्हणजे कुणाची तरी बायको आणि मिझ म्हणजे तुम्हाला काय करायचंय.

"मॅडम, मिझ इथं कोणाले समजन?" पाटीवाला म्हणाला.

मी मिसेस लिहून घेतलं. दाराला आणखी एक कडी लावावी, तसं.

मे महिन्यातल्या एका दुपारी बेल वाजली. दाराच्या भिंगातून पाहिलं. अनोळखी माणूस, खांद्यावर बॅग. पाण्याच्या फिल्टरची सर्व्हिसिंग करायला आलो म्हणाला. मी कुणाला बोलावलं नव्हतं. दार न उघडता तसं सांगितलं.

त्यानं पाटी वाचली. "सरांनी बोलावलं असेल, मॅडम. विचारा ना त्यांना."

"ते झोपलेत."

"काही हरकत नाही. उठेपर्यंत बसतो."

आणि तो खरंच पायरीवर बसला. नवरा मीच तयार केला होता, आणि आता तो उठल्याशिवाय हा माणूस हलणार नव्हता.

उन्हाळ्यात दुपारी घरोघरी कूलर चालू असतात. हाक भिंतीपलीकडे जात नाही. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. तो आणायचा तर दाराकडे पाठ करावी लागणार. कडी लावलेली होती, तरी ते मला जमेना.

तेवढ्यात समोरच्या मावशींचं दार उघडलं. मावशी रामटेककडच्या, तोंडाच्या मोकळ्या. मी एकटी आहे हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही हे मला.

"कोणाची वाट पाहून राहिला गा?"

"सरांची. झोपलेत म्हणे."

मी भिंगाला डोळा लावून होते. आता बोलतील, कोणते सर?

त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"मंग उठव ना. मागच्या खेपेले एकानं उठवलं होतं सायबाले. त्याची बॅग अजून माह्या घरी पडून हाय."

तो उठला. घाई केली नाही. मोबाइल काढून त्यानं पाटीचा फोटो घेतला आणि जिना उतरला.

मावशींनी दार वाजवलं. "गेला वं. उघड."

"गेटाबाहेर गेला का, बघा."

त्या जिन्याच्या खिडकीशी जाऊन आल्या. "गेला. आता काहून नाही उघडत? आता तं नवराही हाय घरात."

"मावशी, आधी ती पाटी काढा."

"स्क्रू हायेत तिले."

"मग पेचकस आणा."

त्यांनी आणला. चारही स्क्रू निघेपर्यंत मी आत, कडीवर हात ठेवून उभी होते.