लेडीज इकडे

आई गेल्यानंतर बाबांनी घराबाहेर पडणं सोडलं. भांडून नाही की रुसून नाही, नुसते पडेनासे झाले. सकाळी उठून दाढी करायची, इस्त्रीची पँट चढवायची आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसून पेपर वाचायचा, अगदी टेंडर नोटिसांसकट. ठाण्याच्या कोर्टात कारकुनीत हयात गेलेला माणूस, छापलेलं काहीही अर्धवट सोडणं त्यांना जमत नाही. मी काही विचारलं तर "हो" नाहीतर "नको". डॉक्टरांनी चालायला सांगितलं. खालच्या कट्ट्यावरचे त्यांच्याच वयाचे दोघंतिघं बोलवायला आले. बाबांनी त्यांना चहा पाजला, दारापर्यंत सोडलं आणि परत येऊन खुर्चीत बसले. दादा ठाण्याला, घोडबंदर रोडला राहतो. दर रविवारी त्याचा फोन यायचा, "अगं, त्यांना जरा बाहेर काढ ना." जसं काही मीच त्यांना कुलूप घालून ठेवलं होतं.

मी लग्न केलं नाही. ठाकुर्लीच्या याच घरात आईबाबांबरोबर राहिले आणि आता आम्ही दोघंच उरलो होतो. माझी चैन एकच, पावसाळ्यातले डोंगर. बदलापूर, कर्जत, मुरबाड, माळशेज, जिथे म्हणून पाणी पडतं तिथे शनिवारी मी हजर. आई असताना मी बिनघोर जायचे. या वर्षी पाय निघेना. बाबांना एकटं टाकून जायचं तर चोरट्यासारखं वाटायचं आणि घरात थांबले की माझी चिडचिड व्हायची. मग एका शुक्रवारी मी ठरवून टाकलं की त्यांनाच न्यायचं. बदलापूरच्या पुढे एक धबधबा आहे, तासाभराची वाट, चढ शेवटी थोडासाच.

"नको," बाबा म्हणाले.

"मग मीही नाही जात. बसू दोघंही इथेच, भिंतीकडे बघत."

हे मी ओरडूनच म्हटलं. शनिवारी सकाळी ते बूट घालून, छत्री घेऊन तयार होते.

रिक्षा जिथे सोडते तिथे दोन झाडांना बांधलेला एक फ्लेक्स होता. बाबा त्याच्यापुढे उभे राहिले आणि त्यांनी तो मोठ्याने वाचला. धबधबे, ओढे, डोह या ठिकाणी पर्यटकांना मनाई, उल्लंघन करणाऱ्यांवर कारवाई, खाली आदेश देणाऱ्याचा हुद्दा. सगळं वाचून झाल्यावर वळून म्हणाले, "अगं, बंदी आहे."

"दरवर्षी असते, बाबा. लोक दरवर्षी जातात."

"लोक जातात म्हणून बंदी उठत नाही."

"आज शनिवार आहे. पोलीस रविवारी असतात."

बंदी कशासाठी असते ते मला पक्कं ठाऊक होतं. त्या भागातल्या डोहांतून बुडालेल्या पोरांना बाहेर काढल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात आणि त्या बाबाच मला वाचून दाखवतात. पण मी इतकी वर्षं जाते, मला वाट कळते, पाणी कळतं, असा माझा तोरा. तरीही रस्त्यावरच्या पोलीस चौकीवरून जायला नको म्हणून मी त्यांना शेतांमागच्या बांधावरून नेलं. वाडीतली माणसं त्या वाटेने ये-जा करतात. ती आडवाट मला माहीत आहे याचा मला तेव्हा चक्क अभिमान वाटत होता.

बांध संपला की ओढा लागतो, तो आम्ही हात धरून ओलांडला. पुढे सागाचं रान. पाऊस थांबलेला होता, पण झाडं अजून गळत होती आणि खालचा पाचोळा कुजून मऊ झाला होता. बाबा छत्री टेकत, एकेक पाऊल चाचपत चालत होते. शेवटच्या चढावर पायऱ्यांऐवजी झाडांची मुळं आहेत, तिथे ते दोनदा घसरले. दुसऱ्यांदा सरळ चिखलात बसले. मी उचलायला वाकले तर ते हसत होते. "पँट गेली," म्हणाले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

वर पोचल्यावर मी त्यांना पाण्यापासून लांब, एका सपाट कातळावर बसवलं. धबधबा समोर कोसळत होता आणि तुषार आमच्यापर्यंत येत होते. त्यांनी चष्मा काढून खिशात घातला, बूट काढले, घोट्याएवढ्या पाण्यात पाय सोडले. मग उठून दगड उलटायला लागले.

"बाबा, काय करताय?"

"कुर्ल्या बघतोय."

त्यांच्या कोकणातल्या घरामागे वहाळ होता आणि पावसात ते त्यात खेकडे धरायचे, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. दगड पुढून नाही, मागून उचलायचा. बोट कुठे धरायचं, नांगी कुठून येते, एकदा खेकड्याने काकांचा अंगठा कसा फोडला होता, सगळं सांगत होते. धबधब्याच्या आवाजावर आवाज चढवून सांगत होते. मी नुसती ऐकत होते. मला रडू येत होतं, आणि वाटत होतं की जमलं, आता पुढच्या शनिवारीही आणायचं, त्याच्या पुढच्याही.

उतरताना बाबा म्हणाले की पाय दुखतायत. म्हणून मी आडवाट सोडून सरळ रस्त्याने खाली आणलं. खाली पोलिसांची गाडी उभी होती.

वीसपंचवीस पोरंपोरी आधीच अडवून ठेवली होती. हवालदार घसा बसेपर्यंत ओरडला असावा. "सगळे जेन्ट्स लायनीत! कान पकडा! लेडीज इकडे, झाडाखाली." मी झाडाखाली गेले. सवयीनेच गेले म्हणा ना. आयुष्यभर रांग अशीच लागते.

"काका, तुम्ही पण तिकडे व्हा, लेडीजजवळ," हवालदार बाबांना म्हणाला.

"मीही वर गेलो होतो," बाबा म्हणाले.

"असू दे हो काका."

"बोर्ड वाचून गेलो होतो."

पोरं फिदीफिदी हसली. हवालदारालाही हसू आलं. बाबा मात्र माझ्यापाशी आले, छत्री माझ्या हातात दिली आणि जाऊन रांगेच्या टोकाला उभे राहिले. कान पकडले.

मी एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, ते नको म्हणत होते, मी आणलं. एवढंच. त्या रांगेत चूक कबूल करून उभा असलेला तो एकच माणूस होता आणि चूक त्याची नव्हती. जिची होती ती झाडाखाली छत्री धरून उभी होती, बाईमाणूस म्हणून सुटलेली. उठाबशा सुरू झाल्या. बाबांना पुरतं खाली बसता येईना. अर्ध्यात गुडघे थरथरायचे, एक हात कान सोडून जमिनीवर जायचा, मग चिखलाचा तोच हात ते परत कानाला लावायचे. पोरांचं हसणं थांबलं. हवालदार दोनदा म्हणाला, "बस काका, झालं तुमचं." बाबा थांबले नाहीत. सगळ्यांच्या झाल्या तेव्हाच त्यांच्या झाल्या.

कुणीतरी व्हिडिओ काढत होतं. माझ्या शेजारची मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "ते अंकल कसले क्यूट आहेत यार," आणि माझ्याकडे बघून हसली. मीही हसले. तिच्यासारखीच, लांबून गंमत बघणाऱ्या बाईसारखी. त्या क्षणी मला लाज वाटत होती ती माझी नव्हे, त्यांची. ते माझे वडील आहेत हे त्या मुलींना कळू नये असं मला वाटत होतं. हे आज लिहिताना मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण तसंच होतं ते.

रिक्षात ते एवढंच म्हणाले, "पाणी चांगलं होतं."

रात्रीपर्यंत व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. सकाळी दादाचा फोन. त्याने माझ्यावर तोंड टाकायला सुरुवात केली, "अगं, अक्कल आहे का तुला? म्हाताऱ्या माणसाला..." आणि तेवढ्यात बाबांनी हात पुढे केला. मी फोन दिला. स्पीकर चालूच होता.

"तिला बोलू नकोस. मीच हट्ट केला. ती नको म्हणत होती, बंदी आहे म्हणत होती."

मी बाबांना कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. दारावर आलेल्या वर्गणीवाल्यालाही आम्हाला "बाबा घरी नाहीत" असं सांगू न देणारा माणूस. दादाचा मोर्चा मग त्यांच्याकडे वळला. या वयात शोभतं का, ऑफिसातले लोक मला व्हिडिओ पाठवतायत, उद्या पाय मोडला तर कोण निस्तरणार, आता घरात बसा गप्प. शाळेतल्या पोराला झापावं तसा झापत होता. बाबा फोन तोंडाजवळ धरून म्हणत होते, "हो. चुकलं. नाही जाणार. घरीच बसेन, शब्द देतो." मी हातभर अंतरावर उभी होते. कालचं वाक्य आजही चाललं असतं. माझ्या तोंडून ते फुटलं नाही.

पुढच्या शनिवारी मी म्हटलं, "बाबा, खाली जाऊ या. नुसतं कट्ट्यापर्यंत."

"त्याला शब्द दिलाय."

"अहो, तो धबधब्याबद्दल बोलत होता."

"तो म्हणाला घरात बसा. मी हो म्हटलं."

मी वाद घातला, विनवण्या केल्या, शेवटी रडले. मग फोन उचलला. "मी आत्ता दादाला सांगते. मी नेलं तुम्हाला. तुम्ही नको म्हणत होतात, मीच ऐकलं नाही. संपला तुमचा शब्द."

बाबांनी पेपर मांडीवर ठेवला. रागावले नव्हते. घाबरले होते.

"नको गं," म्हणाले. "मी त्याच्याशी खोटं बोललो, असं होईल ना मग."

मी नंबर लावला नाही. दादाचा अजून दर रविवारी फोन येतो. "बरं झालं बघ त्या दिवशी झापलं ते," तो म्हणतो. "आता कसे शहाण्यासारखे घरी असतात." मी त्याचं ऐकून घेते आणि फोन बाबांना देते.