गप्पा मारणाऱ्या दोन मशिनी

चहा येतोच आहे, तोवर माझी एक फजिती ऐकून घ्या. दुसऱ्या कुणी सांगितली तर तिखट-मीठ जास्त पडेल, म्हणून मीच सांगून टाकतो.

नवेगाव बांधच्या रस्त्यावर आमची राइस मिल आहे. शाळेत मी दहावीपर्यंत गेलो, तेही ओढूनताणून. बाकी सारं शिक्षण धानाच्या ढिगावर बसून झालं. मिलला नाव मिळालं ते एकाच गोष्टीनं. जो आधी आला, त्याचंच धान आधी भरडलं जाणार. सरपंच येवो की माझा सख्खा साळा, नंबर म्हणजे नंबर. पंचवीस वर्षांत कुणाचा नंबर चुकला नाही. म्हणजे, गेल्या हंगामापर्यंत.

गेल्या हंगामात आमच्या सुनेनं, प्राचीनं, नंबराच्या चिठ्ठ्या कॉम्प्युटरवर आणल्या. नागपुरात तेच शिकलेली पोरगी. दोन फाटकांवर दोन खिडक्या आणि ऑफिसात दोन सर्व्हर.

"दोन कायले?" मी विचारलं. "एक काम करतो, मग दुसरा काय करून राहिला?"

"मामाजी, एक बंद पडला की दुसरा त्याचं काम उचलतो. त्याला फेलओव्हर म्हणतात. दोघं मिळून झाला क्लस्टर, आणि त्यातला एकेक म्हणजे नोड."

"पहिला पडला, हे दुसऱ्याला सांगते कोण?"

"ही निळी तार. दर सेकंदाला एकमेकांना विचारतात, आहेस का, आहेस का. उत्तर आलं नाही की दुसरा समजतो, हा गेला, आता मीच मालक."

मला हे इतकं पटलं की आठवडाभर येईल त्याला समजावत सुटलो. बिरसीच्या विमानतळावर एका विमानात दोन पायलट कायले बसतात? तसंच हे, म्हणायचो. ऐकणारा मान हलवायचा, मी आणखी फुगायचो.

मग ऐन गर्दीचा सोमवार आला. प्राची माहेरी गेलेली. आभाळ भरून आलेलं, धानाच्या ट्रॉल्या पार रस्त्यापर्यंत. धान भिजलं की तांदूळ पिवळा पडतो, म्हणून जो तो घाईत. आणि नेमका त्याच दिवशी चिठ्ठी निघायला वेळ लागू लागला. ऑफिसात जाऊन पाहतो तर निळ्या तारेच्या दोन्ही टोकांना दिवे लुकलुकताहेत. बाहेर माणसं ताटकळली आहेत आणि यांचं आपलं, आहेस का, आहेस का.

आता तुम्हीच सांगा, सारी उमर हमाल सांभाळणाऱ्या माणसाला हे बघवेल? दोन हमाल गप्पांत रंगले की मी काय करतो? एकाला या गोदामात पाठवतो, दुसऱ्याला त्या गोदामात. पोती भराभर उचलली जातात.

मी तार काढली. नीट गुंडाळून खिशात ठेवली.

आणि खरं सांगतो, काम झालं हो. दोन्ही खिडक्यांतून चिठ्ठ्या सरसर निघू लागल्या. मनात म्हटलं, सून हुशार आहे, पण कामकऱ्यांकडून काम कसं घ्यावं ते तिला कोण शिकवणार? मीच.

तासाभरानं सोमाजी आले. जुने कोहळी शेतकरी, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्यांतले; गावोगावचे तलाव त्यांना तोंडपाठ. चिठ्ठी पुढे करून म्हणाले, "सेठ, माहा नंबर आला. एक्केचाळीस."

त्यांच्या मागून सिंधूबाई. "आन् माहा कोनता मंग? हा पाहा. एक्केचाळीस."

त्यांच्या मागे दोन बेचाळीस. त्यांच्या मागे दोन त्रेचाळीस. जोड्याच जोड्या.

"सेठ, भरडाई करून राहिले का सामूहिक लग्न लावून राहिले?" गर्दीतून कुणीतरी बोललं.

मी प्राचीला फोन लावला, स्पीकरवर.

"मामाजी, तुम्ही कशाला हात लावला का?"

"मशिनीला नाही लावला. फक्त तार काढली."

मग ती हळूच म्हणाली, "दोघंही जिवंत होते, मामाजी. नुसती विचारपूस बंद झाली. याला वाटलं तो मेला, त्याला वाटलं हा मेला. दोघंही मालक होऊन बसले आणि आपापल्या खिडकीतून तेच नंबर वाटत सुटले."

सोमाजींनी मान डोलावली. "म्हंजे एका तलावावर पानी सोडनारे दोघं, आन् दोघाईचं बोलनं बंद केलं. दोघंई गेट उघडतीनच ना."

जे मी आठवडाभर लोकांना शिकवत होतो, ते या माणसाला उभ्या उभ्या कळलं.

आता खरा नंबर कुणाचा? पंचवीस वर्षांचं नाव त्या दोन चिठ्ठ्यांवर येऊन अडलं होतं. मी दोन्ही चिठ्ठ्या हातात घेऊन उलटसुलट पाहू लागलो.

"बाई आधी आली," सोमाजीच म्हणाले. "मी तवा ट्रॉली वळवून राहिलो होतो. डोळ्यानं पाह्यलं."

त्यांनी असं म्हटल्यावर बाकीच्या जोड्याही आपसात बोलून मोकळ्या झाल्या. मी सगळ्यांची माफी मागितली, गोदामातल्या साऱ्या ताडपत्र्या ट्रॉल्यांवर टाकल्या आणि खडू घेऊन एकेका ट्रॉलीवर नवा नंबर लिहीत फिरलो. पाऊस आला, पण कुणाचं धान भिजलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्राची परतली. एक शब्दही न रागावता तार जागेवर लावली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. सोमाजी त्यांचा कोंडा न्यायला आले होते, म्हणून सगळ्यांनी मिळून चहा घेतला.

"आता एक तिसरा बसवावा लागेल," प्राची म्हणाली.

"आणखी एक? तो काय करणार?"

"काम काहीच नाही, मामाजी. नुसतं बसून राहायचं. कोण आहे, कोण नाही, यावर नजर ठेवायची. आणि दोघांचं जुळेनासं झालं की एकाच्या बाजूनं मत द्यायचं."

सोमाजींनी बशी खाली ठेवली. मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा नीट न्याहाळलं.

"पोरी, इकत कायले आनतेस?" ते म्हणाले. "आमचे सेठ त्या खुर्चीवर बसून पंचवीस वर्सं तेच तर करून राहिले."