गुडघ्यावर घेतलेला भार

माझी मुलगी एमएमए खेळायची. जाळीच्या पिंजऱ्यात दोघींनी उतरायचं. ठोसा, लाथ, कुस्ती सगळं चालतं. मला हे कुणाला नीट सांगता यायचं नाही. बायकांनी विचारलं की 'कराटेसारखं असतं' म्हणायचे आणि घरात निघून जायचे. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझी जीभ जड होते, लहानपणापासूनच.

ती दोन लढती हरली होती. दोन्ही वेळा खाली पाडून, दाबून हरवलेली. तिच्या सरांनी तिसरी लढत मिळवली आणि स्पष्ट सांगितलं की ही गेली तर पुढे तिला कुणी घेणार नाही. तिच्या वडिलांनी रसायनीच्या एका कंपनीत पॅकिंगच्या कामासाठी शब्द टाकून ठेवला होता. "हरलीस तर गप कामाला जायचं," ते म्हणाले. ती 'बरं' म्हणाली. तिला जिंकायचंच होतं म्हणून बरं म्हणाली, हे मला कळलं.

सरांचा क्लास खालापूरच्या रस्त्याला एका गाळ्यात होता. ते एका रविवारी आमच्या घरी आले आणि ओटीवर बसून तिच्यासमोर उतरणाऱ्या मुलीच्या जुन्या लढती मोबाइलवर दाखवू लागले. मला वाटलं होतं, कुणी मारकुटी असेल. पण ती फारशी मारतच नव्हती. समोरचीला रेटत जाळीला लावायची, पाय धरून खाली आणायची आणि वर पडून राहायची. छाती तोंडावर, गुडघा पोटावर. खालची धडपडून दमेपर्यंत ती नुसती टेकून असायची. तिने दोन वेण्या घट्ट घातल्या होत्या, शाळेतल्या मुलीसारख्या.

"ही मारून नाही जिंकत," सर म्हणाले. "दमवून जिंकते."

मग त्यांनी सांगितलं तसं मुलीने वहीत लिहून घेतलं. पाठ जाळीला लागू द्यायची नाही. मारायचं आणि लगेच बाजूला सरकायचं. खाली पडलीच तर घाबरायचं नाही, कुशीवर व्हायचं, मध्ये कोपर घालायचं, कंबर सरकवून गुडघा आत आणायचा, मग उठायचं. शेवटी लिहिलं, पालथं पडायचं नाही. त्याखाली सरांनी स्वतः दोन रेघा मारल्या.

त्याला कारण होतं. ती आधी कबड्डी खेळायची. चढाईला गेली आणि पकड झाली की पालथी पडून हात लांब करायची, बोटाने मधली रेषा शिवायची. अंगावर चार मुली असल्या तरी हात जायचाच. पोशीरपासून नेरळपर्यंत त्याच हातासाठी तिला ओळखायचे. कबड्डीत त्याला टाळ्या मिळतात. इथे पालथी पडली की वरची मागून गळ्यात हात घालते आणि खेळ संपतो. सर म्हणाले, तिच्या डोक्याला हे कळतं, अंगाला कळत नाही. आणि अंगाला शिकवायचं तर रोज वर भार हवा. क्लासातल्या मुली हलक्या.

"घरी कुणी वजनदार आहे का?"

सगळ्यांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.

"हाय की," तिचे वडील म्हणाले. "कणगीच हाय घरात."

"बाबा, कणगी कुणी भरली?" मुलगी म्हणाली. सरही हसले. मी आत चहा बघायला गेले.

दुसऱ्या दिवसापासून दुपारची जेवणं झाली की पडवीत पेंढा पसरायचा, त्यावर दोन गोधड्या, त्यावर ती आणि तिच्यावर मी. सरांनी मला शिकवलं होतं, अंग सैल सोडायचं, पायाची बोटं आणि गुडघे उचलायचे, सगळं वजन छातीतून तिच्यावर द्यायचं. पहिल्या दिवशी मला फार लाज वाटली. ती मोठी झाल्यापासून मी तिला इतकं जवळ घेतलंच नव्हतं. तिच्या केसांना आमच्याच घरच्या तेलाचा वास येत होता.

माझी जाऊ कुडावरून डोकावली. "अगं, लेकीला दडपून मारतेस का?"

"काकू, तुमी पन या वर," ती खालून म्हणाली. "जागा हाय."

जाऊ हसून गेली, पण तो शब्द माझ्या मनात राहिला. ही जन्मली तेव्हा माझ्या सासूने पहिली गोष्ट तीच सांगितली होती. झोपेत कूस वळू नकोस, पोर अंगाखाली दडपेल. कित्येक महिने मी एका कुशीवर झोपले. झोपेतसुद्धा माझं अंग तिच्यापासून उचललेलं असायचं.

चौथ्या का पाचव्या दिवशी मी पूर्ण भार टाकला असताना तिचा चेहरा काळवंडला. श्वास अडकल्यासारखा आवाज आला आणि ती वळून पालथी पडली. हात लांब गेला, पेंढ्यात बोटं रुतली. मी घाबरून उठले. ती खोकत म्हणाली, "उठलीस कशाला?"

त्या दिवसापासून मी उजवा गुडघा आणि पायाची बोटं खाली टेकवू लागले. निम्मा भार जमिनीवर, निम्मा तिच्यावर. ती कुशीवर व्हायची, कोपर घालायची, कंबर सरकवायची आणि सुटायची. सुटली की उठून बसायची, घामाने भिजलेली, आणि हसायची. "बघितलंस?" मी म्हणायचे, बघितलं. तिला हसताना बघायला मला रोज ती दुपार हवी असायची.

सरांचा फोन आला. "मावशी, पूर्ण भार टाकताय ना?"

"टाकते."

"पालथी पडते का?"

"नाही पडत."

दुसरं उत्तर खरं होतं. पहिलं खोटं होतं, आणि पहिलं खोटं होतं म्हणूनच दुसरं खरं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण वाटलं, अजून चार दिवस आहेत, हळूहळू वाढवू. वाढवलं नाही.

लढत पनवेलच्या पुढे एका हॉलमध्ये होती. मी गेले. पहिल्या फेरीत तिने सगळं वहीत लिहिल्यासारखं केलं. मारून सरकली, जाळीपासून लांब राहिली. सर माझ्याकडे वळून मान हलवत होते. दुसऱ्या फेरीत त्या वेण्यावाल्या मुलीने तिचा पाय धरला आणि खाली आणलं. आणि मग तिने वरून सगळं अंग सोडलं. कुणाच्या आईने सोडलं नसतं तसं. मी बघत होते. मुलीने कोपर घातलं, कंबर सरकवली, रोज करायची तेच. वरची हलली नाही. मुलीच्या तोंडावर आधी नवल दिसलं, भीती नंतर आली. मग ती वळली, पालथी झाली आणि तिचा हात पुढे लांब गेला. पुढे कुठलीच रेषा नव्हती. नुसती चटई होती. गळ्यात हात आला, आणि त्याच लांब गेलेल्या हाताने तिने हार मानल्याच्या दोन थापा चटईवर मारल्या.

परतताना ती एवढंच म्हणाली, "घरी रोज सुटत होते. तिथं घाबरले." मी गाडीच्या खिडकीबाहेर बघत बसले.

त्या पकडीत आखडलेली मान बरी झाली तशी ती कंपनीत जाऊ लागली. सकाळी नाक्यावर बस येते. कामाबद्दल तक्रार नाही. कापणी आटोपल्यावर एका सकाळी तिने केस बांधता बांधता सांगितलं, "रविवारी सरांकडे जाते. एक लढत मागते. खालून सुटता येतं मला, आई. घाबरले नाय तर सुटते मी."

मी भाकरी तव्यावरून काढली. न सांगून चाललं असतं, तिला कधी कळलं नसतं. पण ती याच भरवशावर पुन्हा कुणाच्या तरी खाली जाणार होती. मी तिला गुडघ्याचं सांगितलं.

 ती म्हणाली, "रोज?"

"पहिले चार-पाच दिवस सोडून."

"म्हंजे मी कधी सुटलेच नाय."

 तिने कंगवा ठेवला, पडवीत जाऊन उघड्या जमिनीवर उताणी पडली आणि म्हणाली, "आता टाक. सगळा." बसला थोडाच वेळ होता. मी टाकला. गुडघे उचलले, बोटं उचलली, डोळे मिटले. ती खाली हलत होती. कोपर आलं, कंबर सरकायला लागली, अडली, पुन्हा अडली. पालथी मात्र ती पडली नाही. दात दाबून कुशीवरच राहिली. तिचं काळीज माझ्या छातीखाली धडधडत होतं. सुटली नाही.

"उठ, आई," ती म्हणाली. "बस जाईल."

मी उठले. तिने कपडे झटकले, डबा घेतला. त्या रविवारी ती सरांकडे गेली नाही. नंतरच्याही नाही. ती माझ्याशी पूर्वीसारखंच बोलते, भाजी चांगली झाली म्हणते, तेल लावून दे म्हणते. मला एकदा टाकून बोलली असती तरी चाललं असतं.