दुसऱ्या सुईआधीचे रोडगे

हिंगणीत कुणाकडेही रोडग्यांचा स्वयंपाक असला की वांग्याच्या भाजीचं गंज माझ्या मोठ्या जावेच्या, शकुबाईच्या हवाली असतं. मीठ कमी म्हणणाऱ्याला ही बाई भर पंगतीत सुनावते. पण याच तोंडाळ बाईला डॉक्टरसमोर ‘छाती’ म्हणता आलं नाही. काखेत गाठ आहे, म्हणाली. मला राग येतो तो याचाच.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टर माधवींनी छातीतली गाठ बरोबर शोधली. बारीक सुई टोचताना पडद्यापलीकडे कुणा पुरुषाचा आवाज आला आणि शकुबाईने अंग चोरलं. सुई सरकली. पुन्हा टोचू द्यायला ती काही केल्या तयार होईना.

रिपोर्टमध्ये कॅन्सर दिसला नाही. डॉक्टर म्हणाल्या, “बारीक सुईत थोड्याच पेशी येतात, मावशी. ती गाठीत नीट गेली नाही, तर रोग असूनही दिसत नाही. तुमची गाठ कडक आहे. जाड सुईनं तुकडा काढून बघू, म्हणजे नक्की कळेल.”

शकुबाईने मान डोलावली आणि घरी येऊन नवऱ्याला अर्धंच सांगितलं. पुन्हा ब्लाउज काढावा लागेल, हे तिच्याच्याने सांगवेना.

तिच्या नवऱ्याचा, माझ्या रूपराव भासऱ्यांचा जीव भांड्यात पडला. केळझरच्या गणपतीला त्यांनी नवस बोलला होता. तो फेडायला गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजले, सगळं गाव जेवलं. “काई नाई निघालं,” असं शकुबाई वाढता वाढता स्वतः सांगत होती. मीही पोटभर जेवले.

पुढे उन्हाळ्यात दवाखान्यातून फोन आला, दुसऱ्या सुईला का आल्या नाहीत म्हणून. तो नेमका सून वर्षालीने उचलला. ती तशीच स्वयंपाकघरात आली.

“काऊन लपवलं, आई?”

“अवं, देवाचा नवस फेडला, गावाले जेवू घातलं. आता कोणत्या तोंडानं सांगू, का तपासणीच नीट झाली नाई?”

“मंग लाजेपायी मरता का?”

शकुबाई चुलीपाशी बसून खूप रडली. दुसऱ्या दिवशी वर्षाली तिला घेऊन गेली. जाड सुईने काढलेल्या तुकड्यात कॅन्सर निघाला. उपचार होतील, पण गाठ वाढली आहे, असं डॉक्टर म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं शकुबाई मला नंतर म्हणाली.

विचारपूस करायला बायका जमल्या. भासरे म्हणाले, “पोटाचं काईतरी हाय.” शकुबाईने त्यांना थांबवलं. तोंडावर पदर धरूनच बोलली.

“पोटाचं नाई. छातीचा कॅन्सर हाय. पह्यली सुई म्याच नीट टोचू देल्ली नाई. अन् तुमाले खोटं सांगतलं.”

भासरे खाली मान घालून बाहेर गेले. बायकाही एकेक करून उठल्या. घरच्या आम्ही दोघीतिघी आणि शेजारची मोहिनी एवढ्या उरलो. मोहिनीच्या मांडीवर तिची लेक झोपली होती. दाराकडे बघून तिने हळूच विचारलं, “मोठीआई, जाड सुई लय दुखते का?”

शकुबाईच्या तोंडावरचा पदर खाली आला.

“तुले कवापासून हाय?”

“दिवाळीपासून. तुमचं काई नाई निघालं, म्हणून मी गेलीच नाई.”