टेलरकाकांची शीर

मोठ्या सिस्टरांचा हात हलका, ही आमच्या डायलिसिस विभागाची डोकेदुखी होती. चेष्टा नाही करत. ऑपरेशन करून फुगवलेल्या शिरेत दोन जाड सुया घालायच्या, त्याही आठवड्यातून तीनदा. सिस्टरांनी घातल्या की पेशंटला कळायचंसुद्धा नाही. मग आमच्यासारख्या नवख्यांपुढे हात कोण धरणार? त्यातून टेलरकाकांची शीर वाकडी, मध्येच खोल गेलेली. त्यांच्याजवळ कुणी फिरकलं की सिस्टर म्हणायच्या, "राहू दे, मीच घालते." सोमवार, बुधवार, शुक्रवार हे काकांचे दिवस, सहा वर्षांत त्या दिवशी सिस्टरांनी रजा घेतली नाही.

पन्नाशीला टेकल्यावर सिस्टरांना पोहायला शिकावंसं वाटलं. बायकांची बॅच नेमकी बुधवारी. घरी त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. मला सांगितलं, कारण बदली मीच होते. चोरी कबूल करावी तसं त्यांनी विचारलं की दोन तास सांभाळशील ना, आणि मी मोठ्या तोंडानं हो म्हणाले.

पहिल्याच बुधवारी माझी सुई शिरेच्या पलीकडे गेली. काकांचा हात टम्म फुगला, काळानिळा पडला. ते ओठ दाबून बसून राहिले. मी सिस्टरांना फोन केला. ती माझी दुसरी चूक.

पंधरा मिनिटांत त्या आल्या. केस ओले, कुडता पाठीला चिकटलेला. काकांच्या हातावर बर्फ धरून बसल्या. काकांची नजर केसांकडे गेली तशी त्यांनी ओढणी डोक्यावरून घेतली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला त्या एका शब्दानं रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मी तिकडे हसत होते गं. त्याच वेळी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोहण्याच्या बॅचमधून नाव काढलं. माझ्या पोटात काही राहत नाही. मी काकांना सगळं सांगून टाकलं. हात बरा होईपर्यंत त्यांचं डायलिसिस मानेत घातलेल्या नळीवर चाललं होतं, मानसुद्धा वळवता येत नव्हती. तशाच अवस्थेत त्यांनी सिस्टरांना हाक मारली.

"माझ्या कात्रीला मी तीस वर्षं कुणाला हात लावू दिला नाही," ते म्हणाले. "डोळे अधू झाले आणि दुकान बंद पडलं. हाताखालची दोन माणसं घरी बसली. माझ्यामुळे. या पोरीला माझी शीर शिकव."

 सूज उतरल्यावर सिस्टरांनी माझी बोटं काकांच्या हातावर ठेवली. शीर बोटाखाली थरथरते; थरथर मंदावते तिथे ती वळते. हे त्यांनी सहा वर्षं स्वतःजवळच ठेवलं होतं. महिनाभर मी डोळे मिटून तेच शिकत होते, आणि चुकले की त्यांचा हात आपोआप सुईकडे यायचा, मग त्या तो मागे घ्यायच्या.

त्यानंतरच्या बुधवारी बॅचचे तीन वाजले तरी त्या खाटेपाशीच घुटमळत होत्या. काकांनी बाही वर केली आणि हात माझ्यापुढे धरला. सिस्टरांनी पोहण्याची पिशवी उचलली. दारात थांबून काकांना म्हणाल्या, "माफ करा हं."

कशाबद्दल ते काकांनी विचारलं नाही. मी बोटं ठेवून थरथर शोधायला लागले.