झाशीत भरलेले पेट्रोल

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते अण्णा मोटारवाल्यांचे. आमच्या घरात चौथीपुढे कोणी गेले नव्हते. अण्णांनी मला जळगावला वसतिगृहात ठेवून बी.एस्सी. केले. त्यांनी झाशीत लष्कराचा पेट्रोलवर चालणारा जुना ट्रक घेतला, तेव्हा तो आणायला मी आणि ड्रायव्हर याकूब मेलने निघालो. निघताना अण्णा याकूबला म्हणाले, "या खेपेला गाडी वाटेत बंद पडली, तर दुसरी नोकरी बघ."

सकाळी खडकावरचा किल्ला दिसला आणि पाठोपाठ स्टेशन आले. ट्रक ताब्यात घेऊन संध्याकाळी पंपावर गेलो. तिथे साखर कारखान्यातले स्पिरिट मिसळलेले पेट्रोल मिळे. साधे हवे तर बंद डब्यांतून.

"डबे घेऊ, साहेब," याकूब म्हणाला. "म्हातारीला दारू कशाला पाजायची?"

मी त्याला समजावले, की स्पिरिटाने ऑक्टेन वाढतो आणि इंजिनात ठोके पडत नाहीत.

पंपवाला हसला. "बाबूजी पढ़े-लिखे हैं, भैया. भर दूँ?"

टाकी मिश्रणाने भरली.

दुसऱ्या दिवशी ललितपूरच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे तांबडी माती, दगडांच्या राशी आणि पळस. पाच-सहा मैलांवर इंजिन गुदमरून थांबले. बॉनेट उघडले तर कार्बोरेटरमधून पेट्रोल ओसंडत होते.

बैल घेऊन चाललेल्या शेतकऱ्याने विचारले, "काय भैया, गाड़ी रिसा गई?" (का रे, गाडी रुसली?)

त्याच्याच बैलांनी आम्हाला झाशीत परत ओढत आणले. याकूब स्टिअरिंग धरून बसला होता.

गाडी अण्णांच्या ओळखीच्या विसूकाकांच्या दारात नेली. ते रेल्वे कारखान्यातले फिटर, जन्माने झाशीचेच. त्यांनी कार्बोरेटर खोलून बुचाचा गोळा काढला. हा तरंगत वर आला की पेट्रोलची वाट बंद होते. आता तो चिकट झाला होता आणि पेट्रोल पिऊन बुडाला होता.

"याच्यावर चपडा (लाखेचे रोगण) असतो. सुतार चपडा कशात विरघळवतात, जी?"

"स्पिरिटमध्ये," मी म्हणालो.

"मग! आणि आधी ठोके पडत होते?"

"नाही."

"मग तो ऑक्टेन कुणासाठी भरलात, बाबूजी? नवी गाडी चालेल त्याच्यावर. हिला साधंच पाहिजे."

काकांनी पितळी पत्र्याचा पोकळ गोळा झाळून बसवला. त्यात दोन दिवस गेले. काकूंनी महेरी (ताकात शिजवलेल्या कण्या) वाढली. जेवताना याकूब हळूच म्हणाला, "उशीर का झाला, हे अण्णा तुम्हाला नाही विचारणार, साहेब. मला विचारतील."

रस्ता खराब होता, असे अण्णांना लिहिता आले असते. ते खोटेही नव्हते. ट्रकच्या आधी पोचावे म्हणून मी स्टेशनवर जाऊन पत्र टाकले, आणि मग आम्ही निघालो. घरी पोचलो तेव्हा याकूबला कोणी काही विचारले नाही. पत्र असे होते:

"तीर्थस्वरूप अण्णांस साष्टांग नमस्कार. ट्रक वाटेत बंद पडला. याकूब साधे पेट्रोल मागत होता. मी त्याला मिश्रण भरायला लावले. मला ऑक्टेन ठाऊक होता, त्याला गाडी ठाऊक होती. आपण शिकवलेत म्हणूनच त्याने माझे ऐकले. त्याला बोल लावू नये. आज पंपावर साध्या पेट्रोलचे डबे घ्यायला तो उतरला. मी गाडीतच बसून राहिलो."