दोन बंदुकांची एक गोळी

साच्यातून पडलेली शिशाची गोळी ती चिमट्याने उचलायची, चष्मा कपाळावर सरकवायची आणि गोळी खिडकीच्या उजेडात धरून सावकाश फिरवायची. मग म्हणायची, "बॅक इन द पॉट." गोळी परत वितळत्या शिशाच्या भांड्यात. तुम्ही तिथं असता तर म्हणाला असता, अहो, काय वाईट होती ती? बारीक सुरकुती होती. मला दिसायची. मी उभी हयात कोल्हापूरच्या फौंड्रीत लोखंड ओतलंय, मला नाही दिसणार तर कुणाला?

ती आमची शेजारीण. नव्वद सालानंतर मी अमेरिकेत, ईडन प्रेरीला मुलाकडे राहायला गेलो तेव्हाची. माझ्याच वयाची, सत्तरीची. नवरा वारलेला. त्याचं मॅग्नम रिव्हॉल्व्हर आणि तिची स्वतःची आखूड बंदूक, कार्बाइन म्हणतात ती, अशी दोन हत्यारं घरात. दर नोव्हेंबरात ती उत्तरेच्या जंगलात हरणाच्या शिकारीला जायची. बाईमाणसाने या वयात बंदूक घेऊन हिंडावं हे मला पटलं नाही. मी मुलाला म्हटलं, तिला तसं सांग. तो म्हणाला, "बाबा, असलं काही मी ट्रान्सलेट करणार नाही."

तिच्या गॅरेजात मी गेलो तो वासाच्या मागे. तापलेल्या धातूचा वास मला रस्त्यापलीकडून कळतो. ती शिशात कथलाचा तुकडा टाकत होती, कल्हईवाला टाकतो तसा अगदी बेताने. मी दारात उभा. तिने माझ्याकडे पाहिलं, मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "फौंड्री." तिने पायाने स्टूल पुढे सरकवलं. तेव्हापासून माझं नावच ते पडलं. खरं नाव तिने कधी विचारलं नाही. मीही तिला बाईच म्हणायचो.

माझं इंग्रजी म्हणजे हॉट, कोल्ड, नो गुड. तिलाही जास्त बोलायची सवय नव्हती. त्यामुळे आमचं जमलं.

एकदा मुलगा मला बोलवायला आला, तेव्हा ती त्याच्याशी बरंच बोलली. मागच्या वर्षी तिच्या गोळीने एक हरण नुसतं जखमी होऊन पळालं होतं. दोन दिवस तिने रान तुडवलं, ते सापडलं नाही. आता ती स्वतःच्या मनाची जड गोळी आखणार होती. एकच गोळी, दोन्ही हत्यारांत चालणारी. नोव्हेंबरच्या आधी दोन्ही हत्यारांनी मारलेल्या सगळ्या गोळ्या निशाण म्हणून लावलेल्या एका कागदी ताटलीत बसल्या तर जंगलात जायचं. नाहीतर हत्यारं भाच्याला द्यायची आणि शिकार बंद.

मी मुलाला म्हटलं, "विचार तिला, एकाच बंदुकीने जमलं तर?"

"दोन्ही," ती म्हणाली. "नवरा आणि मी एकाच डब्यातली काडतुसं वापरायचो."

हट्टी बाई. हट्टी माणूस मला आवडतो.

आता यात मेख काय, ते सांगतो. रिव्हॉल्व्हरमध्ये प्रत्येक काडतुसाला वेगळं घर असतं. कार्बाइनमध्ये ती नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक झोपतात. पुढच्याच्या बुडाला, जिथे बार पेटवायची टोपी असते तिथेच, मागच्याचं नाक टेकतं. नाक टोकदार असलं आणि हिसका बसला, तर नळीतच बार उडायचा. म्हणून नाक चपटं हवं. फार लांब केलं तर काडतूस कार्बाइनमध्ये अडकतं, फार आखूड केलं तर वजन जातं.

आमच्याकडे कुठलीही वस्तू ओतायची तर आधी नमुना करतात. मी घरी जाऊन गाजरं आणली, तासली, पाइपच्या तुकड्यात एकामागे एक घातली. ती पोट धरून हसली. मग तिनेही चाकू काढला. मी नाक कापायचो, ती म्हणायची, "टू शॉर्ट." ती कापायची, मी म्हणायचो, "नो गुड." संध्याकाळी सून ओरडली, "बाबा, कोशिंबिरीची गाजरं कुठे गेली?"

"शिकारीला गेली," मी म्हटलं.

"हात धुवा आधी. लेड असतं तिथे."

शेवटी एका गाजरावर दोघांचं एकमत झालं. तिने त्यावरून मापं टाकून चित्र काढलं आणि साचे करणाऱ्या माणसाकडे पाठवलं. उन्हाळ्यात लोखंडी साचा आला. काय सुबक साचा! तो गंजू नये म्हणून मी त्याला आतून-बाहेरून खोबरेल तेल चोळून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिने ओतलेली एकूणएक गोळी सुरकुतलेली निघाली. ती साचा नाकाशी नेऊन म्हणाली, "कोकोनट?" आणि माझ्याकडे बघत राहिली. मी अजूनही म्हणतो, लोखंडाला तेल लागतंच. ओतण्याआधी पुसून घेणं हे ओतणाऱ्याचं काम. तिने साचा साबणाने तीनदा धुतला. आठवडाभर ती मला स्टुलाऐवजी बादलीवर बसवत होती.

ऑक्टोबरात ती मला नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेली. आधी कार्बाइन. एकही काडतूस अडकलं नाही, अडखळलं नाही. ताटलीत सगळी भोकं तळहाताएवढ्या जागेत. मी टाळ्या वाजवल्या. मग तिने नवऱ्याचं रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांत धरलं. ते थरथरत होतं, मला मागून दिसत होतं. ताटलीत दोन भोकं, बाकीच्या गोळ्या मातीत. तिने पुन्हा भरलं. या वेळी एक.

मी तिच्याकडची एक गोळी उचलून उजेडात फिरवून पाहिली. काही खोट नव्हती. तशी मी मानेनेच खूण केली.

"आय नो, फाउंड्री," ती म्हणाली. रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं. चष्मा कपाळावर सरकवला, स्वतःचा उजवा हात आभाळाकडे धरला, मागून-पुढून सावकाश फिरवला.

"बॅक इन द पॉट," ती म्हणाली आणि हसली. मला हसता आलं नाही.

त्याच संध्याकाळी भाचा येऊन दोन्ही हत्यारं आणि आमच्या गोळीची भरलेली काडतुसं घेऊन गेला.

त्यानंतर तिने तो एकच हिवाळा काढला. आता त्या गॅरेजात नव्या लोकांची मोटार असते. मी तिकडून जाताना अजून थोडा थबकतो, पण वास येत नाही.

पण त्याच वर्षी नोव्हेंबरात भाचा जंगलातून परतला, तेव्हा मी तिच्या गॅरेजात बसलो होतो. एकच बार, तो म्हणाला, हरण जागच्या जागी पडलं. त्याने कातड्याखालून निघालेली गोळी धुऊन आणली होती, अळंबीसारखी पसरलेली. तिने ती बोटांत धरली, चष्मा वर केला, खिडकीकडे वळली. किती वेळ फिरवत होती. मी शिशाच्या भांड्यातली पळी बाजूला करून ठेवली.

तिने गोळी एप्रनच्या खिशात टाकली.

"कॉफी, फाउंड्री?"